फ्लेमिंगो कुठे गेले? पक्षी बघायला निघालेल्यांचे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि मेसेजेसमध्ये निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे असतात, बाहेरून येणारे पक्षी बघायला कुठे जायचं, कधी जायचं, आणि गेलो होतो तरी दिसले का नाहीत. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं काही जमत नाही, म्हणून यावेळी त्यातले सात निवडलेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन भिगवणला गेलो. पहाटे चारला पुण्यातून निघालो, पण एकही फ्लेमिंगो नाही! नावाडी म्हणाला जानेवारीनंतर या. आम्हाला गंडवलं का?

नाही हो, नावाडी खरंच बोलला, आणि खरं बोलणारा नावाडी भेटला म्हणजे तुमचं नशीब चांगलं. काय होतं की आपण सुट्टी बघून निघतो आणि पक्षी पाणी बघून येतात. भिगवणचं ते पाणी म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर, भीमेचं. पाऊस चांगला झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरला धरण काठोकाठ भरलेलं असतं, आणि फ्लेमिंगोला म्हणजे आपल्या रोहितला खोल पाण्याचा काही उपयोग नाही, त्याला पाहिजे गुडघाभर पाणी, त्याच्या गुडघ्याएवढं बरं का, आणि खाली मऊ चिखल. शेतीला पाणी सुटायला लागलं की हळूहळू काठ उघडे पडतात आणि मग तो येतो. म्हणून साधारण जानेवारी ते मार्च धरा. पण पाऊस कमी झालेल्या वर्षी लवकर येईल, भरपूर झाला तर उशिरा येईल, त्यामुळे तारीख मला विचारू नका, कुंभारगावच्या एखाद्या नावाड्याचा नंबर घेऊन ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यालाच विचारा, ‘दादा, चिखल उघडा पडला का?’ एवढंच. मी पण तेच करतो. (फारच पाणी उतरलं तर पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला वेगळीच गर्दी होते, तो विषय निराळा.)

आणि तिथे गेल्यावर इंजिन बंद करायला सांगा. मागच्या फेब्रुवारीत आमच्या नावाड्याने बरंच लांब असतानाच इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत नेलं, आणि मग जे दिसलं ते मी इतकी वर्षं जाऊनसुद्धा नीट बघितलं नव्हतं. एक रोहित डोकं पूर्ण उलटं करून, म्हणजे वरची चोच खाली आणि खालची वर अशी पाण्यात बुडवून उभा, आणि पाय मात्र जागच्या जागी थपथप थपथप चाललेत, चिखल तुडवल्यासारखे, स्वतःभोवती गोल फिरत. चिखल ढवळला की त्यातले बारीक जीव वर येतात आणि चोचीतल्या चाळणीने तो ते गाळून घेतो. दहा मिनिटं आम्ही नुसतं तेच बघत बसलो, फोटो एक पण धड आला नाही.

नोव्हेंबरची तुमची फेरी फुकट गेली असंही समजू नका. चित्रबलाक, नदी सुरय, थापट्या बदकं, धोबी यातलं काहीतरी तुम्हाला दिसलंच असणार, फक्त गुलाबी नव्हतं म्हणून मोजलं नाहीत.

मुंबईतच फ्लेमिंगो दिसतात म्हणे, मग भिगवणला कशाला जायचं?

बरोबर आहे, ठाण्याच्या खाडीत दिसतात आणि चिक्कार दिसतात. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं. फरक एवढाच की तिथे जास्त करून छोटा रोहित, भिगवणला मोठा. ऐरोलीहून बोट मिळते, पण भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय बुकिंग करू नका, कारण बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्याला चिखल, दोघांचं जमतं ते मधल्याच वेळात.

आई 72 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण पक्ष्यांची भयंकर हौस. जंगलात तंगडतोड न करता तिला कुठे नेता येईल?

डोळे झाकून भरतपूर. राजस्थानातलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान, जेमतेम 29 चौरस किलोमीटर, रस्ता सपाट आणि आत सायकलरिक्षा. रिक्षावाला हाच तुमचा गाइड, आणि यातले जुने लोक असे आहेत की आपण अजून दुर्बीण डोळ्याला लावतोय तोवर ते मान पण न वळवता सांगतात, डाव्या बाजूच्या बाभळीवर तिसऱ्या फांदीला घुबड झोपलंय. आईंना रिक्षात बसवा, शाल द्या, थर्मासमध्ये चहा द्या आणि रिक्षावाल्याला सांगा की आम्हाला घाई नाही. ‘घाई नाही’ हे आधी सांगायचं, नाहीतर तो बिचारा रोजच्या सवयीने पॉइंट टू पॉइंट पळवतो. मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भरतपूरला थांबतात त्यामुळे प्रवासाचा पण त्रास नाही. फक्त डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत सकाळी धुकं इतकं पडतं की नऊ-दहापर्यंत हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, गाड्याही लेट होतात, म्हणून मी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा नाहीतर फेब्रुवारी निवडेन. नोव्हेंबरात चित्रबलाकांची पिल्लं घरट्यांतून आरडाओरडा करत असतात ते पण बघायला मिळेल.

आत केवलादेवाच्या देवळाजवळ दगडावर कोरलेली एक यादी आहे, ती आईंना वाचून दाखवा. संस्थानाच्या काळी तिथे बदकांच्या शिकारी व्हायच्या त्याचा हिशोब आहे तो, तारखेसकट, बंदुकांच्या संख्येसकट. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे, एका दिवसात मारलेले पक्षी 4,273. आणि त्याच पाण्याकडे पाठ करून उभं राहून आपण हे वाचत असतो.

हो, आणि कुणी सांगितलं की सायबेरियन क्रौंच दिसेल तर विश्वास ठेवू नका. 2002 नंतर ते भरतपूरला आलेले नाहीत. तिथे क्रौंच दिसला तर तो बहुतेक सारस, आणि सारस काही कमी नाही.

दुसरा पर्याय खीचन, जोधपूरच्या पुढे फलोदीजवळचं गाव. तिथे मंगोलिया-कझाकस्तानकडून कांड्या करकोचे येतात, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी वर्षानुवर्षं त्यांना ज्वारी वगैरे धान्य टाकतात, त्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे, आणि सकाळी एकेक थवा आकाशातून आवाज करत उतरतो तो शेजारच्या गच्चीवर खुर्ची टाकून बघता येतो. अक्षरशः खुर्ची टाकून! 2025 मध्ये खीचनही रामसर यादीत आलं. आईंना कदाचित हेच जास्त आवडेल, कारण पक्षी शोधायचा नाही, पक्षी समोर येतो.

दुर्बीण 8×42 घेऊ की 10×42? दुकानदार म्हणतो 10 ची पॉवर जास्त.

पॉवर जास्त, आणि हाताची थरथर पण तेवढीच जास्त. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 8 ने दृश्य रुंद दिसतं, पक्षी पटकन सापडतो, पहाटेच्या कमी उजेडात चित्र जरा उजळ असतं. नवीन माणसाने 8×42 घ्यावी, विषय संपला. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून चष्म्यासकट बघायचं, हे दुकानात कुणी सांगत नाही आणि लोक सहा महिने अर्धवट काळं वर्तुळ बघत बसतात. आणि कॅमेरा आहे म्हणून दुर्बीण नको असं करू नका.

अमूर ससाण्यांसाठी नागालँडला जाण्याइतकं त्यात काही आहे का? खर्च भरपूर आहे म्हणून विचारतेय.

आहे. पण खर्च आहे आणि दगदग पण आहे, दोन्ही मान्य करून मग ठरवा.

हा ससाणा वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मुठीत मावेल एवढा, निघतो सायबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथून आणि जातो दक्षिण आफ्रिकेकडे. मध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाजवळ काही दिवस थांबतो, किडे खाऊन गुबगुबीत होतो, आणि मग भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरून सोमालियाच्या दिशेने. समुद्रावर बसायला फांदी नाही, दिवसरात्र उडायचं. 2013 मध्ये तीन पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा हे सगळं नकाशावर दिसलं, त्या तिघांची नावं ठेवली होती नागा, वोखा आणि पांगती.

पांगती हे गावाचं नाव, आणि त्याची गोष्ट माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते. 2012 पर्यंत तिथे मासेमारीच्या जाळ्यांनी हे ससाणे हजारोंनी पकडले जायचे, विकले जायचे. त्या वर्षी त्याची चित्रं बाहेर आली, गदारोळ झाला, आणि पुढच्याच हंगामात गावाने शिकार बंद केली. एका वर्षात! ज्यांची त्यावर कमाई होती त्यांनीच बंद केली, म्हणून तिथे गेलात तर गावातच राहा, गावातलाच माणूस बरोबर घ्या आणि चार पैसे तिथे खर्च करा, दिमापूरच्या हॉटेलात बसून टॅक्सीने फेरी मारून यायचं हे मला तरी पटत नाही.

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जा, त्यातही आठवडा इकडेतिकडे होऊ शकतो. इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, आपल्याला म्हणजे बाहेरच्या राज्यातल्या भारतीयांना लागतं, ते निघण्याआधीच काढा. संध्याकाळी ते झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतात आणि पहाटे सगळे एकदम उठतात, त्या दोन वेळा चुकवू नका, मधल्या वेळेत झोप काढा.

आणि बजेट नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, यातलेच काही ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारावर टेकतात. थोडेच असतात, तारेवर बसलेले, लाल-केशरी पायांचे. वडापाव खाणाऱ्या गर्दीत वर बघणारे तुम्ही एकटेच असाल.

नावाडी स्वतःहून विचारतो, ‘उडवू का?’ म्हणजे फोटो चांगला येतो. त्याने पक्ष्याला असा काय फरक पडतो?

हा प्रश्न विचारलात हे बरं झालं. मी एकदा अशाच एका बोटीत होतो, जागा सांगत नाही. बरोबरच्या एका गृहस्थांनी म्हटलं उडवा की हो, नावाड्याने रेस दिली आणि अख्खा थवा उठला. पंखांच्या आतला तो लालकाळा रंग एकदम आकाशभर, सगळे वा वा करायला लागले आणि खरं सांगतो, माझ्या पण तोंडून वा निघालं. मग थवा फिरला, दोन घिरट्या घातल्या, बसायला लागला तोवर दुसऱ्या बाजूने दुसरी बोट आली. पुन्हा उठला. आम्ही होतो तासभर, तेवढ्यात चार वेळा. मी गप्प बसलो होतो ते मला अजून टोचतं.

फरक काय पडतो तर हिशोब साधा आहे. हे पक्षी इथे चरायला येतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर परतीच्या प्रवासाची चरबी साठवत असतात, तेच त्यांचं पेट्रोल. पट्टकादंब घ्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, तो परत जाताना हिमालय ओलांडतो, टॅग लावलेला एक तर 7,290 मीटरवर नोंदला गेलाय. त्याला प्रत्येक वेळी उठवलं म्हणजे खाणं थांबलं आणि वर साठवलेलं पण जळलं. म्हणून नावाड्याला आधीच सांगा, भाऊ, उडवायचे नाहीत, लांबूनच बघू, आणि उतरताना त्याला वरती थोडे पैसे द्या. उडवण्याचं बक्षीस आपणच देत आलोय, तर न उडवण्याचं पण आपणच द्यायला पाहिजे ना.

सगळे हिवाळ्याचंच बोलतात. उन्हाळ्यात, पावसात कोणी येत नाही का?

येतात की! चातक येतो, आफ्रिकेतून, मान्सूनच्या वाऱ्याबरोबर, मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये. फक्त पावसाचंच पाणी पितो वगैरे सगळं काव्यात, पण पावसाच्या तोंडावर येतो हे मात्र खरं. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि वाढवण्याचं काम त्यांच्यावर सोडून मोकळा.

आणि त्याच सुमारास नवरंग येतो, दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडून, रात्रीचा प्रवास करत. मे महिन्यात शहरातल्या बाल्कनीत, जिन्यात, काचेवर आपटून पडलेला एखादा हिरवा-निळा-लाल पक्षी सापडला तर बहुतेक हाच. पाणी तोंडात ओतू नका, हातात घेऊन सेल्फी काढू नका. पुठ्ठ्याचा खोका घ्या, भोकं पाडा, आत कापड टाका, त्याला ठेवा आणि झाकून अंधाऱ्या शांत जागी दोन-तीन तास सोडा. पंख मोडलेला वाटला तर पक्षिमित्रांना किंवा वनखात्याला कळवा, नाहीतर संध्याकाळी झाडांजवळ नेऊन खोका जमिनीवर ठेवायचा, झाकण उघडायचं आणि चार पावलं मागे सरकायचं. तो लगेच जात नाही, जरा वेळ तसाच बसतो, शेपूट वरखाली करतो, मग जातो.