सुरमईचा बुडबुडा: वाचकांची पत्रे आणि आमची उत्तरे

मागच्या अंकात रोलप्लेइंग (पात्रे घेऊन, फासे टाकत खेळायच्या) खेळांसाठी ‘सुरमई’ या पाण्याखालच्या लढाऊ यानाचा आराखडा दिला होता. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन माणसांचे यान, लांबी ९ मीटर, व्यास १.६ मीटर, वजन १३ टन. एरवी विजेच्या मोटरवर सेकंदाला १० मीटर. धाव घ्यायची असेल तेव्हा नाकावरच्या २० सेंटिमीटरच्या चकतीमागे वायूचा बुडबुडा तयार होतो, अख्खे यान त्यात शिरते आणि रॉकेटवर सेकंदाला १०० मीटरने पळते. राउंड (खेळातली एक पाळी) ६ सेकंदांचा, नकाशावरचा हेक्स (षटकोनी घर) १०० मीटरचा. पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली. त्यांतली निवडक खाली घेतली आहेत.

“धावताना दर राउंडला डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा आणि १ आला तर बुडबुडा फुटला, असा नियम आम्ही केला. सुरमई इतक्या वेळा फुटते की आता तिच्यात कोणी बसायलाच तयार नाही. चूक कुठे आहे?” (ठाणे)

चूक गणितात आहे. एका राउंडला धोका ५ टक्केच दिसतो, पण धाव आठ राउंडची असते. ०.९५ आठ वेळा गुणले की ०.६६ उरते, म्हणजे दर तीन धावांमागे एक फुटणार. शिवाय सरळ रेषेत, ठरलेल्या खोलीवर धावणारा बुडबुडा आपण होऊन फुटत नाही. त्याला कोणीतरी छेडावे लागते. म्हणून फासे दर राउंडला टाकू नका. वळण, खोलीतला बदल, जवळचा स्फोट किंवा चकतीला मार, यांपैकी काही घडले तरच टाका.

डी२०ऐवजी दोन साधे फासे घ्या. एकच कारण असेल तर बेरीज ५ किंवा जास्त हवी. ते ३६पैकी ३० वेळा जमते. त्याच राउंडला दुसरे कारण आले तर ७ हवेत (२१ वेळा), तिसरे आले तर ९ (फक्त १० वेळा). चालकाचे कौशल्य बेरजेत मिळवा, पण २च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर नियम असून नसल्यासारखा होतो.

बेरीज एक-दोनने हुकली तर शेपटी बुडबुड्याच्या भिंतीवर आपटते: यानाला थोडी इजा, आणि पुढच्या राउंडला वळता येत नाही. तीन किंवा जास्तने हुकली तर बुडबुडा फुटला. पुढे काय होते ते नीट वाचा, कारण बहुतेक गेममास्टर (खेळ चालवणारे) इथे यानाचे तुकडे करून मोकळे होतात. पूर्ण भिजलेल्या सुरमईवर १०० मी/से वेगाला पाण्याचा रोध सुमारे १० लाख न्यूटन. १३ टनांना तो ८ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या आठपट) झटका देतो. मात्र वेग उतरला की रोधही झपाट्याने उतरतो. सव्वा सेकंदात वेग निम्म्यावर येतो आणि राउंड संपताना सेकंदाला १७ मीटर उरतो. तेवढ्यात यान साधारण २२० मीटर गेलेले असते; नकाशावर दोन हेक्स पुढे सरकवा. पट्टे बांधलेल्याला दोन फाशांची इजा पुरे. पट्टे न बांधलेल्या पात्राचा कागद परत घ्या.

“शत्रू ३०० मीटर खोल आहे. सुरमई त्याच वेगाने तिथे का नेता येत नाही? बाहेरचे कवच जाड केले तर?” (पुणे)

कवच जाड केल्याने माणसे वाचतील, बुडबुडा वाचणार नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो आणि तो बुडबुडा मिटवायला बघतो. बुडबुडा उघडा ठेवतो तो वेग, पण वेगाचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दाब चौपट झाला तर लागणारा वेग दुप्पट. पृष्ठभागाजवळ ५० मी/से पुरतात असे धरले की पायऱ्या सरळ पडतात: ३० मीटरवर (४ वातावरणे) १००, ८० मीटरवर (९ वातावरणे) १५०, १५० मीटरवर (१६ वातावरणे) २००. तुमच्या ३०० मीटरवर हा आकडा २७८ येतो. सुरमईचा कमाल वेग १००, म्हणजे हक्काची खोली ३० मीटर. नाकातून जास्त वायू सोडून एक पायरी खाली जायला आम्ही परवानगी देऊ, पण त्या राउंडला इंधन दुप्पट मोजा. त्याखालच्या शत्रूला वर यायला भाग पाडणे हे खेळाडूंचे काम.

“बुडबुड्याची भानगड कशाला? मोठी अणुभट्टी आणि मोठा पंखा लावला की झाले.” (नागपूर)

झाले नसते. वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती आठपट होते. सुरमईला १० मी/से वेगाला १०० किलोवॅट पुरतात. त्याच ओल्या अंगाने १०० मी/से गाठायचे तर १ लाख किलोवॅट लागतील. बुडबुड्यात फक्त चकती आणि शेपटीचे टोक ओले राहते, म्हणून काम सुमारे १५ हजारांत भागते. शिवाय त्या वेगाला पंख्याच्या पात्यांभोवतीच पाणी उकळल्यासारखे फुटते आणि पंखा पाण्याऐवजी फेस ढवळत बसतो.

तुमच्या मार्गाने जगात सर्वांत पुढे गेली ती सोव्हिएत पाणबुडी के-२२२. टायटॅनियमचे कवच, दोन अणुभट्ट्या, आणि १९७०च्या सुमारास चाचणीत ४४.७ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आत. आतला आवाज १०० डेसिबलच्या घरात गेला आणि तशी दुसरी कोणी बांधली नाही. मुंबईत माझगाव डॉकला बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचा पाण्याखालचा वेग सुमारे २० नॉट आहे. लपून बसणे हेच ज्यांचे काम, त्यांना तेवढा पुरतो. बुडबुड्याचा मार्ग सोव्हिएत ‘श्क्वाल’ टॉर्पेडोने १९७०च्या दशकातच दाखवला होता: रॉकेटवर सुमारे २०० नॉट. सुरमईचे नाक तिथूनच उचलले आहे, हे कबूल.

“धाव संपल्यावर यान पाण्याबाहेर उडी मारते, असे आमचा गेममास्टर म्हणतो. आम्हाला हा अन्याय वाटतो.” (पणजी)

गेममास्टर बरोबर आहे, आणि दोष आमच्या आराखड्याचा. टाकीचे मापच आम्ही दिले नव्हते. आता घ्या.

इंधन ४ टन. स्थिर अवस्थेतून १०० मी/से गाठायला एक राउंड आणि सुमारे ९०० किलो. पुढे धावताना दर राउंडला ३७०. म्हणजे एक सुरुवातीचा आणि आठ धावेचे राउंड मिळून ३,८६० किलो. उरलेल्या १४० किलोंत काहीच होत नाही. एकूण अंतर सुमारे ५ किलोमीटर. एवढ्यावर धाव खलास. धावेचे राउंड अर्ध्यात तोडले तर परत वेग घ्यायला पुन्हा ९०० जातात, म्हणून चार-चारच्या दोन धावा इंधनात बसत नाहीत. दोन आणि तीन बसतात.

आता उडीचे कारण. सुरमई सुरुवातीला पाण्यात ना तरंगते ना बुडते. जवळपास ४ टन जळून गेल्यावर ती कॉर्कसारखी वर जाणारच. इंधनाच्या रिकाम्या जागेत समुद्राचे पाणी घेतले की प्रश्न मिटला, असे वाटते. पण घन इंधन पाण्याच्या सुमारे १.७ पट जड असते. त्या जागेत मावणारे पाणी साधारण २.३ टन, म्हणजे दीड टन अजून कमीच. त्यासाठी वेगळी १.५ घनमीटरची बॅलास्ट टाकी (वजनासाठी पाणी भरायची) पोटाखाली बसवा आणि ती भरायला एक पूर्ण राउंड द्या. त्या राउंडला मागच्या आसनावरच्या माणसाला दुसरे काही करता येत नाही. तो त्या वेळी बंदुकीशी खेळत असेल तर यान वर आणि शत्रूच्या हेलिकॉप्टरसमोर.

याच पत्रात विचारले आहे की बुडबुड्यात तरंगायला पाणीच नाही, मग यान खाली का पडत नाही. पडते. किंचित वर कललेली चकती आणि भिंतीवर टेकलेली शेपटी, या दोन टेकूंवर १३ टन पेलले जातात. चकतीला फारसे वजन झेपत नाही, म्हणून रॉकेट आणि इंधन मागे ठेवायचे. खेळाडू पुढच्या भागात जड कवच चढवू लागले तर बुडबुड्याच्या प्रत्येक फेकीला १ वजा करा.

“वळण किती घेता येते?” (कोल्हापूर)

फार कमी. बुडबुडा यानाबरोबर वळत नाही; चकती ज्या वाटेने गेली त्या वाटेवर तो असतो आणि मागचे अंग त्यात मावले पाहिजे. १ जीचे वळण धरले तर वर्तुळाची त्रिज्या १ किलोमीटर येते. एका राउंडला ३४ अंश, म्हणजे हेक्सची एक बाजू फिरवायला दोन राउंड. नाक खाली घालणे याहून घातक: १० अंश खाली कलले तरी सेकंदाला १७ मीटर खोली वाढते. मुंबई हायच्या आसपास पाणी जेमतेम ७५ मीटर. १५ मीटरवरून सुरुवात केलीत तर साडेतीन सेकंदांत तळ, राउंड संपायच्याही आधी. तिथल्या तेलफलाटांच्या पायांमध्ये धाव घ्यायची कल्पना आणखी दोघांनी लिहून कळवली आहे. कल्पना झकास आहे, पण आधी नवीन पात्रे तयार ठेवा.

“धावताना टॉर्पेडो सोडता येतो का? आणि बंदुका?” (नाशिक)

साधा जड टॉर्पेडो ५० नॉटने, म्हणजे सेकंदाला २६ मीटरने जातो. पुढे सोडलात तर पुढच्याच क्षणी तुम्ही त्याच्यावर आदळाल. बाजूला सोडलात तर तो बुडबुड्याच्या भिंतीला धडकतो आणि भिंत फाडतो. मागे टाकणे सुरक्षित, म्हणून सुरमईचे खरे शस्त्र शेपटीतून सोडलेले सुरुंग. टॉर्पेडो धाव थांबल्यावर, १५ मी/सेच्या खाली.

बंदुकीबद्दल: पाण्याखालच्या लढाईसाठी बनवलेली सोव्हिएत एपीएस रायफल १२ सेंटिमीटर लांब खिळ्यासारखी गोळी मारते, तरी तिचा पल्ला ५ मीटर खोलीवर सुमारे ३० मीटर आणि ४० मीटरवर जेमतेम ११. कारण तेच, दाब गोळीचा बुडबुडा मिटवतो. तुमचा हेक्स १०० मीटरचा. बंदूक शत्रू त्याच हेक्समध्ये असेल तरच, आणि तेही गेममास्टर खुश असेल तर.

“धावताना सोनार (आवाजाने वेध घेणारे यंत्र) चालेल? खिडकी ठेवावी का?” (बेळगाव)

दोन्ही नाही. रॉकेटच्या आणि फेसाच्या गोंगाटात स्वतःचे कान बंद होतात, आणि खिडकीतून बुडबुड्याच्या पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. पलीकडे पाणी २० मीटर पारदर्शक असले तरी ते अंतर ०.२ सेकंदांत संपते. दिशा धावेआधी ठरवायची, मग जायरोवर (दिशा दाखवणाऱ्या उपकरणावर) विश्वास ठेवायचा.

शत्रूला मात्र तुम्ही स्पष्ट ऐकू येता, पण उशिरा. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. म्हणून शत्रूच्या नकाशावर तुमची सोंगटी दर १५ हेक्स अंतरामागे एक हेक्स मागे ठेवा. ६ किलोमीटरवरच्या शत्रूला तुम्ही चार हेक्स मागे ‘ऐकू’ येता, जवळ येता तशी ही फट मिटत जाते. दोन नकाशे आणि मध्ये एक पुठ्ठा उभा केला की हा नियम टेबलावर विनात्रास चालतो. सोंगटी हलवताना आधी खरा नकाशा, मग शत्रूचा. उलट क्रमाने केलेत तर एका हेक्सचा घोळ दर राउंडला वाढत जातो.