चौकशीत खरे सांगितले तर मुलीचे करिअर संपेल का?

हा प्रश्न घेऊन अमळनेर तालुक्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी मुलीसह धुळ्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुसऱ्या राज्यातील वैमानिक प्रशिक्षण संस्थेत ती एकटीने सराव-उड्डाण करत होती. उतरताना विमान धावपट्टीवर आपटून उसळले, तिने घाबरून नाक खाली केले, त्यामुळे पुढचे चाक आधी टेकले आणि आणखी दोन उसळ्यांनंतर ते मोडून प्रॉपेलर जमिनीवर आदळला. तिला खरचटलेही नाही. झोप मात्र उडाली. “वाऱ्याचा झोत आला एवढेच सांग,” असे एका सहाध्यायाने सुचवले होते. वडील एवढेच म्हणाले, “मॅडम, पोरनं आते कसं व्हई?”

विमान अपघाताच्या तपासाचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नव्हे, असे भारताच्या २०१७ च्या तपास नियमांत स्पष्ट लिहिले आहे. हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मात्र परवान्याबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालय स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकते, म्हणून “काहीही होणार नाही” असा धीर मी दिला नाही. तो देणे अन्यायाचे ठरले असते.

धावपट्टीवरील खुणा, प्रॉपेलरची वाकलेली पाती आणि वाऱ्याच्या नोंदी तपासल्या जातातच. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे वेगळे आहे. विमान जोरात उसळल्यावर ते दाबून खाली आणायचे नसते, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर न्यायचे असते, ज्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. तिने वाऱ्याकडे बोट दाखवले असते, तर एकट्याने उडण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून याचा पुरेसा सराव होतो का, हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

मी तिला स्वतः अनुभवलेले एका कागदावर आणि नंतर लावलेले तर्क दुसऱ्यावर लिहायला सांगितले. भीतीच्या क्षणांची आठवण तुटक असू शकते. रिकाम्या जागा कल्पनेने भरण्यापेक्षा “आठवत नाही” म्हणणे प्रामाणिकपणाचे असते. वडिलांना तूर्त “असे का केलेस?” हा प्रश्न टाळण्याची विनंती केली, आणि त्यांनी ती मनापासून पाळली.

नाक खाली केल्याचे तिने तपास अधिकाऱ्यांना सांगितले. आता प्रशिक्षकासोबत तिची उड्डाणे पुन्हा सुरू झाली आहेत. एकटीने उडण्याची परवानगी अजून मिळालेली नाही, आणि झोपेच्या तक्रारीसाठी आमची सत्रे फोनवर चालू आहेत.