पावसात किल्ला ढासळला, पोरगं सकाळपासून रडतंय : आज काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात शाहूपुरीला राहता, आठ वर्षांच्या मुलाने आठवडाभर खपून अंगणातल्या फरशीवर अजिंक्यतारा केला, रात्रीच्या पावसात तो बसला. मुलगा जेवत नाही, वसुबारसेला चार दिवस उरलेत. बाजारातून तयार किल्ला आणावा का?

आणू नका. त्याला किल्ला हवाय तो स्वतःच्या हातचा. चार दिवस पुरतात, आणि आज संध्याकाळपर्यंत एक बुरुज जरी उभा राहिला तरी आजचा दिवस सावरतो.

आधी पोटात काहीतरी जाऊ दे. पानावर बसायचा आग्रह नको. तूप-गूळ लावून पोळीची सुरळी हातात द्या आणि किल्ल्यापाशीच बसू दे. "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं?" हे घरातल्या कुणीही म्हणायचं नाही, आजोबांनीसुद्धा. तो झोपला असताना परस्पर दुरुस्ती करणं त्याहून वाईट. उठल्यावर त्याला तो किल्ला परक्याचा वाटतो.

पहिलं काम मावळे शोधायचं, आणि ते त्यानेच करायचं. मातीची चित्रं भिजली की मऊ पडतात, म्हणून खुरपं नको, बोटांनी चिखल बाजूला करायचा. नळाखाली धरलीत तर रंग सुटेल. सावलीत कागदावर आडवी ठेवा. उन्हात ठेवली तर तडकतात. वरचा चिखल वाळला की जुन्या टूथब्रशने झाडा. तुटलेली मान पूर्ण सुकल्यावर फेव्हिकॉलने बसते, ओलसर असताना धरत नाही.

मावळे उकरताना त्याला एक खरी हकिकत सांगा. खऱ्या अजिंक्यताऱ्याचा तटही पडला होता. १७०० साली औरंगजेबाच्या वेढ्यात मुघलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात तट ढासळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग उलटला आणि दगड मुघलांच्याच अंगावर कोसळले. पुढे किल्ला त्यांच्या हाती गेला, पण मराठ्यांनी तो परत घेतला. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, आणि पडलेल्या बुरुजाकडे तो वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

आता किल्ला का पडला ते दोघांनी मिळून बघा. बहुतेक वेळा पाऊस वरून किल्ला पाडत नाही, पायथा भिजून सरकतो. गुळगुळीत फरशीवर माती धरत नाही, त्यात मागच्या बाजूला पाणी साचलं की तळ सुटतो आणि वरचं सगळं खाली येतं. पडलेला गाळ काळाभोर असेल तर दुसरं कारणही सापडलं: काळी माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते, भेगा पडतात आणि पुढचं पाणी त्या भेगांतून थेट पोटात शिरतं.

म्हणून या वेळी फरशीवर आधी ओलं गोणपाट अंथरा. त्यावर विटा आणि दगड रचा, मोठे खाली, फटींत खडे ठोकून. हात लावून हललं तर पुन्हा रचा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. मग दुसरं गोणपाट पातळ चिखलात बुडवून दगडांवर घट्ट बसवा, सैल राहिलं तर त्याखाली पोकळी राहते. वरच्या लेपाला तीन घमेली तांबडी माती, एक घमेलं चाळलेली वाळू, दोन-तीन मुठी भुसा. तांबडी माती रोपवाटिकेत पोत्याने मिळते. कासच्या पठारावरून मात्र आणू नका. पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबलेला गोळा बोटांतून न निसटता आकार धरून राहिला की मळणं झालं.

लेप एका वेळी चार बोटांचा, मग तासभर थांबायचं. सगळी उंची एकदम चढवली तर खालचा ओला थर वरच्या वजनाने फुगून बाहेर येतो. म्हणूनच आज फक्त पाया आणि एक बुरुज. तो बुरुज मुलाला निवडू दे. वरच्या टीव्ही टॉवरसाठी खराट्याची काडी ठेवा. साताऱ्याच्या पोरांना त्याशिवाय अजिंक्यतारा ओळखू येत नाही.

गहू पेरायला आता उशीर झालाय, मोहरीही जेमतेम. अळीव घ्या. दोन चमचे अळीव अर्धा तास भिजवला की बुळबुळीत होतो आणि उभ्या उतारालाही आपोआप चिकटतो. उद्या संध्याकाळी लेप जरा आवळला की लावा, रात्रभर ओल्या फडक्याने झाका, नाहीतर सकाळी चिमण्या टिपून नेतात. पाणी तांब्याने ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. वसुबारसेपर्यंत हिरवी लव नक्की दिसेल.

पाऊस पुन्हा येईल असं धरूनच चाला. किल्ल्याभोवती विटांची ओळ लावून पाणी उताराकडे वळवा. चार काठ्यांवर ताडपत्री बांधा, एक बाजू वीतभर खाली, म्हणजे पाणी साचणार नाही. कापड किल्ल्याला टेकू देऊ नका, टेकेल तिथे लेप सोलून निघतो. दिवसा ढग नसतील तेव्हा ताडपत्री काढायची, नाहीतर अळीव पिवळा पडून लोळतो. रात्री ती बांधायचं काम मुलाकडेच द्या, गाठ तेवढी तुम्ही तपासा.