साथ चालू असताना गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: हाताऐवजी छातीचा फ्लॅप का?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय, साथीमुळे आप्पांचं ऑपरेशन पुढं ढकलावं का, आणि गाठ काढलेली जागा भरायला हाताऐवजी छातीचा फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणलेला कातडी-मांसाचा तुकडा) म्हणजे कमी दर्जाचं काम का?

ताई, आपणहून ढकलू नका. आपल्या तंबाखू-बिडीच्या पट्ट्यात लोक आधीच उशिरा दाखवतात, आणि गालाची गाठ साथ ओसरायची वाट बघत नाही. आप्पांना ताप-खोकला असेल तर मात्र तारीख डॉक्टरच ठरवतील.

हाताच्या फ्लॅपमध्ये कातडी तोडून तिच्या बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेत जोडतात. ऑपरेशन सहज आठ-दहा तास चालतं. पुढचे दोन-तीन दिवस नर्स तासातासाला फ्लॅप बोटानं दाबून रंग परत येतो का बघते. रंग बिघडला तर परत थिएटर. साथीत आयसीयूचे बेड आणि माणसं दोन्ही कमी, म्हणून २०२० मध्ये कोविडच्या वेळी बऱ्याच ठिकाणी छातीचा फ्लॅप निवडला गेला. तो मूळच्या रक्तवाहिनीसकट गळपट्टीच्या हाडावरून आत वळवतात, जोडकाम लागत नाही. १९७९ पासून चालत आलेली, भरवशाची पद्धत आहे.

उणिवा आहेत. मानेवर फुगवटा दिसतो, खांदा आखडतो, पुरुषांना तोंडात छातीचे केसही येतात (रेडिएशननंतर बहुधा कमी होतात). जबड्याचं पुढचं हाड काढणार असतील तर पायाच्या हाडाचा फ्लॅप जास्त चांगला, तेवढं सर्जनना नक्की विचारा.

सोबत एकच माणूस ठेवा. घशाला नळी बसवली तर ती साफ करताना मास्क हवाच.