हळदीतलं शिसं आणि ‘एआय’चं यंत्र

भाऊ, वसमतला तुमच्या शेतकरी कंपनीकडे एक जण ‘एआय’चं यंत्र घेऊन आलाय. हळदीवर धरलं की शिसं, रंग, कीटकनाशक सगळं सांगतं, अचूकता 98 टक्के. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. शिशासाठी घेणार असाल तर नका घेऊ.

आधी त्याला विचारा, आत सेन्सर कोणता? एआय अंदाज बांधणार तो सेन्सरने टिपलेल्यावरच. अशा यंत्रांत बहुतेक वेळा निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. त्यावर ओलावा आणि कुरकुमीन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) चांगलं कळतं, तेवढ्यापुरतं यंत्र कामाचं आहे. शिशाचं मात्र गणित मांडून बघा. हळदीत शिशाची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम. पॉलिश करताना पिवळेपणासाठी काही जण लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मारतात, त्यात वजनाने 64 टक्के शिसंच. म्हणजे क्विंटलभर हळदीत जेमतेम 1.6 ग्रॅम रंग पडला की मर्यादा ओलांडली. ही यंत्रं पकडतात ती साधारण टक्काभर भेसळ, म्हणजे क्विंटलला किलोभर! मोबाइलच्या कॅमेऱ्याचं तर नावच नको.

शिशाला एक्सआरएफ गन लागते. ती क्ष-किरण मारून शिसं थेट मोजते. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, 2021 मध्ये एकाही नाही. तिथे ही गन, दंड आणि गावोगावचा प्रचार कामी आला, एआय नव्हे.

मेटॅनिल यलो या भेसळीच्या कृत्रिम पिवळ्या रंगाचं वेगळं. रामन स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे लेसर मारून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात, त्याची खूण ठळक दिसते, तिथे मशीन लर्निंग खरंच उपयोगी पडतं. (तसा तो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चार थेंबांनीही कळतो. आलेला गुलाबी रंग पाणी घातल्यावरही टिकला तर संशय घ्या.) कीटकनाशकाच्या अंशासाठी मात्र एलसी-एमएस (घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) असलेली प्रयोगशाळाच.

आता ते 98 टक्के. असे आकडे अशा परीक्षेतूनही निघू शकतात: एकाच कट्ट्यातून वीस चिमटी काढायच्या, पंधरा मॉडेलला (यंत्रातल्या एआयला) शिकवायच्या, पाचांवर परीक्षा घ्यायची. असा पेपर कोणीही सोडवेल. तामिळनाडूच्या हळदीवर शिकलेलं मॉडेल आपल्या मोंढ्यातल्या मालावर कसं चालतं, ते बघायला हवं. कांडी की गट्टू, दळण जाड की बारीक, ओलावा किती, एवढ्यानेही स्पेक्ट्रम हलतो.

म्हणून पैसे देण्याआधी वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे नमुने एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. काहींत ठरावीक प्रमाणात रंग प्रयोगशाळेकडूनच मिसळून घ्या, लेड क्रोमेट आपण हाताळायची वस्तू नाही. पुड्यांवर फक्त नंबर टाका, निकाल तुमच्याकडे ठेवा आणि त्याला यंत्र चालवू द्या. रंगवलेली हळद किती वेळा ‘शुद्ध’ निघाली, तेवढंच मोजा.

त्यातून पास झालं, तर कुठला कट्टा प्रयोगशाळेत धाडायचा हे ठरवायला ते वापरा. खरेदीदाराला दाखवायचा कागद प्रयोगशाळेचाच लागेल. आणि मॉडेल अपडेटचे दरवर्षी वेगळे पैसे आहेत का, ते लेखी घ्या.