‘तिला कशाचं काही वाटतच नाही’

“मॅडम, जगात बायका कुठल्या कुठे पोचल्या, आणि हिला कशाचं काही वाटतच नाही.” हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत समोरच्या खुर्चीतून इतक्यांदा ऐकलंय, की पहिल्या दोन शब्दांवरून मला पुढचं कळतं. मुलगी कधी दहाची असते, कधी सव्विशीची. मागच्या आठवड्यात तीन आया हेच बोलून गेल्या, म्हणून एका घराची गोष्ट लिहायला घेतली. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई ४७ ची, लेक १७ ची. पहिल्या भेटीत लेकीनं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं, तर तिनं फोन काढून माझ्यापुढे धरला. रोज सकाळी सव्वासहाला आईचा मेसेज. एक फोटो, एक कर्तबगार स्त्री, खाली जोडलेले हात. कित्येक महिन्यांचे. उत्तर एकालाही नाही.

“मलालाला १७ व्या वर्षी नोबेल मिळालं. आनंदीबाई जोशी २१ पूर्ण व्हायच्या आत डॉक्टर झाल्या. मी हिशेब करते, मॅडम. एकीशी हरलेच आहे, दुसरीला गाठायला चारच वर्षं उरलीत.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि आनंदीबाई २२ पूर्ण व्हायच्या आत गेल्या. ते मेसेजमध्ये नसतं.”

पोरगी आळशी नव्हती. सतराव्या वर्षीच तिला उशीर झाला होता.

१९९७ मध्ये पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा या दोघी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अकाउंटिंग शिकणाऱ्या मुलांना त्यांनी शेवटच्या वर्षातल्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याची माहिती वाचायला दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती वाचून हुरूप आला. शेवटच्या वर्षातल्यांना तसा आला नाही, कारण तेवढं करून दाखवायला त्यांच्या हातात वेळच नव्हता. गोष्ट एकच, फक्त ऐकणाऱ्याला त्यात स्वतःसाठी जागा दिसली किंवा दिसली नाही.

मी तशी, माणसाच्या आत्मविश्वासावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुराच्या पठडीतली, हे माझे विद्यार्थी चेष्टेनं सांगतातच. ‘मला जमेल’ हा विश्वास कौतुकानं थोडाफार येतो. पण स्वतः थोडं थोडं जमवून, किंवा आपल्यासारख्याच कुणाला चुकत-माकत जमवताना पाहून जो येतो, तो टिकतो. व्यासपीठावरच्या फोटोत चुकणं-माकणं दिसत नाही.

तिसऱ्या भेटीत दोघींना समोरासमोर बसवलं आणि आईला विचारलं, “एवढ्याजणींपैकी तुम्हाला स्वतःसाठी कोण आवडली?”

“माझं काय आता? माझं वय गेलं.”

लेकीनं चटकन मान वर केली. तिचंच दुखणं आईच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

“मलालाच्या आईबद्दल माहीत आहे?” मी म्हटलं. “तूर पेकई. शाळा अगदी लहानपणी सुटली. लिहा-वाचायला शिकायला लागल्या तेव्हा मुलगी जगाला ठाऊक होण्याइतकी मोठी झाली होती.”

आई काही बोलल्या नाहीत. पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. अशा वेळी गप्प बसणं मला उमेदवारीत फार जड जायचं, आता जमतं. चेन चार-पाच वेळा वरखाली झाली असेल.

“माझा संख्याशास्त्राचा पेपर राहिलाय. पदवीचा. २५ वर्षं झाली.”

“तू ग्रॅज्युएट आहेस ना?” लेक.

“नाही.”

“मग मला रोज का…” एवढं बोलून ती थांबली. रागानं सुरू झालेलं वाक्य मध्येच मऊ पडलं. तिनं पर्स आईच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

त्या क्षणी मला जे उमगलं ते त्यानंतर अनेक घरांत उपयोगी पडलं. सव्वासहाचे ते मेसेज आईला स्वतःलाच हवे होते. नंबर मात्र लेकीचा लागत होता.

जुना अभ्यासक्रम केव्हाच बंद पडला होता. मुक्त विद्यापीठात नव्यानं नाव घालावं लागलं, त्यात दोन महिने गेले. मग एकदा आईंनी मला वहीच्या पानाचा फोटो दाखवला. प्रमाण विचलनाचं गणित, सगळं बरोबर, शेवटी वर्गमूळ घ्यायचं विसरलेलं. समासात लेकीच्या लाल पेननं लिहिलं होतं, ‘वर्गमूळ!! परत??’ आई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. लेकीनं ते पाहिलं, आणि आठवड्याभरानं आई पुन्हा वही घेऊन बसली तेही पाहिलं. स्वतःच्या अभ्यासाला लेक तेव्हापासून बसू लागली. पुढे काय करायचं ते तिचं अजून ठरलेलं नाही, आणि मला त्याची घाई नाही.

तेव्हा आयांना माझं सांगणं असं, की मोठ्या बायकांच्या गोष्टी जरूर सांगा, पण अर्ध्या सांगू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलीला तर ‘मग तिचं चुकलं, मग तिनं काय केलं’ हाच भाग आवडतो. वयात आलेल्या मुलीला नोबेलवाल्यांपेक्षा तिच्याहून दोन-तीन वर्षं पुढे असलेली, ओळखीची मुलगी भेटवा. मुलीची तुलना मात्र नको. आणि स्वतः काहीतरी नव्यानं शिका, तेही तिच्या डोळ्यांदेखत. चुका लपवू नका. चाळिशीतल्या बाईला हे सांगणं सर्वांत कठीण, असा माझा अनुभव आहे. ती मुलीची फी भरेल, स्वतःचा फॉर्म भरणार नाही.

शेवटच्या भेटीला घरातल्या ७२ वर्षांच्या आजी स्वतःहून आल्या. “या दोघींचं झालं, मला कोण काय पाठवतं?” म्हणाल्या. खरंच, कुणीच पाठवत नव्हतं. त्यांना मी केरळच्या कार्त्यायनी अम्मांबद्दल सांगितलं. २०१८ मध्ये, ९६ व्या वर्षी, साक्षरतेच्या परीक्षेत त्यांनी १०० पैकी ९८ गुण मिळवले होते.

आजींनी क्षणभर विचार केला.

“दोन कुठे गेले?”