शाळा मँटसाहेबाची की खात्याची?

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या गावात टोकदार कमानींची जुनी दगडी शाळा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्या मँटसाहेबाने आखला त्याचीच ही शाळा, आणि पुढे हिशेब चुकला म्हणून त्याने जीव दिला, असं थोरले सांगतात. यात खरं किती? शोध कुठे घ्यावा? – एक वाचक, निपाणी

उत्तर : हिशेबाची गोष्ट बडोद्याची. बांधकामाची आकडेमोड चुकली, लक्ष्मीविलास राजवाडा कोसळणार, या धास्तीने मँटचं डोकं फिरलं, अशी ती कथा. मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये गेला, जेमतेम चाळिशीत. १८७८ मध्ये सुरू झालेलं ते काम रॉबर्ट चिझमने १८९० मध्ये पुरं केलं आणि राजवाडा अजून ठणठणीत उभा आहे. धास्ती असलीच तर असेल. चूक काही दिसली नाही.

मँट मुंबई इलाख्यातला लष्करी इंजिनिअर. इमारतीची आतली मांडणी युरोपीय आणि अंगावरचं लेणं गुजरात-राजस्थानच्या देवळा-वाड्यांचं, ही त्याची धाटणी. कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२-७६) त्याचाच. इटलीत फ्लॉरेन्सला वारलेल्या राजाराम महाराजांची तिथली स्मारक-छत्री (१८७४) हीसुद्धा त्याचीच. नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, म्हणजे तो त्याने पाहिला नाही.

आता शाळा. कमान टोकदार म्हणजे मँट, असं होत नाही. साध्या सरकारी इमारती बहुधा बांधकाम खात्याच्या ठरीव नकाशावर उठत. त्यावर कुणा एकाचं नाव नसे.

आधी गाव तेव्हा कोणाचं होतं ते पाहा. इथेच बहुतेकांची फसगत होते. बेळगाव जिल्हा १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला, म्हणून लोक थेट बेंगळुरू गाठतात. निपाणी-चिकोडी भाग मुंबई इलाख्यातला, त्यामुळे जुने कागद मुंबईच्या राज्य अभिलेखागारात, बांधकाम खात्याच्या दप्तरांत शोधा. रायबाग मात्र कोल्हापूर संस्थानात होतं. तिथल्या इमारतीसाठी कोल्हापूरचं पुरालेखागार. गावाच्या नावाचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग सोबत ठेवा. १८८४ चं बेळगाव गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आधी चाळा: त्यात शाळेच्या इमारतीचा उल्लेख असेल तर ती त्याआधीची. उल्लेख नसला तर मात्र काहीच ठरत नाही.

मग शिडी लावा. गर्डरवर डॉर्मन लाँग या इंग्लंडच्या पोलाद कंपनीचा ठसा असेल तर तो गर्डर १८७५ नंतरचा. ती कंपनीच तेव्हा निघाली. मंगलोरी कौलं उलटून पाहा, पण त्यावरच्या सालाने हुरळू नका. ही कौलं करणारा मंगलोरचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, आणि ठशात पुष्कळदा कारखान्याचंच साल असतं. शिवाय कौलं शाकारणीत बदलतात, भिंत तीच राहते. ठशांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा आणि रंगकामाला हात लावण्याआधी काढा. एकदा ऑइलपेंट बसला की कोरलेली अक्षरं बुजतात.